केमो ही विनाथांबा गाडी नव्हे

पत्र:

डॉक्टर, माझे बाबा ६४ वर्षांचे आहेत. गावात ऑफसेट छपाईचा छोटा प्रेस आहे. आयुष्यात दारूचा थेंब घेतला नाही. दोन महिन्यांपूर्वी अंगाला खाज सुटली, मग डोळे पिवळे झाले. सीटी स्कॅनमध्ये यकृताच्या उजव्या बाजूला ८ सेंटिमीटरची गाठ निघाली, डाव्या बाजूला दोन लहान गाठी, आणि पोटातल्या काही ग्रंथी वाढलेल्या. बायोप्सीनंतर सांगितलं की हा यकृताच्या आतल्या पित्तनलिकेचा कॅन्सर आहे. सर्जन म्हणाले ऑपरेशन होणार नाही, केमो घ्या. केमोचे डॉक्टर म्हणतात कावीळ उतरेपर्यंत थांबा. बिलिरुबिन, म्हणजे रक्तातला काविळीचा आकडा, ११ होतं, स्टेंट टाकून तीन आठवडे झाले, आता ३.४ आहे. हा वेळ वाया जातोय का? बाबा अजून सकाळी दोन तास प्रेसमध्ये जाऊन बसतात. अशा माणसाला केमोच्या यातना द्याव्यात का? दादा न्यू जर्सीला असतो, तो रोज इम्युनोथेरपीचे आणि यकृतात बसवायच्या पंपाचे लेख पाठवतो. काका काढा आणून देतात. छपाईच्या रसायनांनी हे होतं असंही वाचलं. बाबांना आम्ही 'यकृताला सूज आहे' एवढंच सांगितलंय.

– एक लेक, मिरज

ताई,

आधी कावीळ. बाकीचं सगळं चार दिवसांनी ठरवलं तरी चालेल, पण या वाट बघण्यानं तुमची झोप उडालेली पत्रात दिसते.

हा वेळ वाया जात नाही. यकृतात तयार झालेलं पित्त आतड्यात उतरायची वाट गाठीनं दाबली होती, म्हणून ते रक्तात मिसळलं. खाज त्याची, पिवळे डोळे त्याचे. स्टेंटनं, म्हणजे पित्तनलिकेत बसवलेल्या बारीक नळीनं, ती वाट उघडली आहे, पण तुंबलेलं यकृत सावरायला काही आठवडे घेतं. तुंबलेल्या यकृतावर जेमसिटाबिनसारखं केमोचं औषध सोडलं तर यकृत आणखी बिघडतं. शिवाय अडकलेल्या पित्तात जंतू वाढतात, आणि केमोनं नेमक्या तेव्हाच पांढऱ्या पेशी खाली आल्या तर साधा वाटणारा ताप जिवावर बेततो. म्हणून बहुतेक डॉक्टर बिलिरुबिन नेहमीच्या वरच्या मर्यादेच्या दीड ते दोन पटींच्या आत येईपर्यंत थांबतात. तुमच्या लॅबची वरची मर्यादा १.२ असेल तर १.८ ते २.४ च्या आसपास. ११ वरून ३.४ हा चांगला उतार आहे. अजून आठवडा-दोन आठवडे लागतील असं समजून चाला.

मात्र आकडा मध्येच अडला किंवा परत चढायला लागला तर गप्प बसू नका. स्टेंट सरकला का, बुजला का, यकृताच्या दुसऱ्या बाजूचं पित्त अजून अडलेलं आहे का, बरगड्यांमधून सुई घालून बाहेरून नळी टाकावी लागेल का, हे विचारा. आणि स्टेंट प्लास्टिकचा आहे की धातूचा ते आजच डिस्चार्ज कार्डावर बघून ठेवा. प्लास्टिकचा साधारण तीन महिन्यांत बुजतो आणि बदलावा लागतो. धातूचा जास्त टिकतो. ऐन केमोच्या मध्यावर 'अरे, स्टेंट बदलायचा राहिला' असं झालेली घरं मी पाहिली आहेत.

या मोकळ्या आठवड्यांत एक काम मात्र उरकून घ्या. बायोप्सीचा तुकडा मेणात बसवून ठेवलेला असतो, त्याला पॅथॉलॉजीत 'ब्लॉक' म्हणतात. तो रुग्णाचा असतो आणि मागितल्यावर मिळतो. त्या ब्लॉकवरून गाठीची जनुकीय तपासणी करता येते, तिला एनजीएस म्हणतात. तुमच्या डॉक्टरांना विचारा की ती पाठवली आहे का. पित्तनलिकेच्या इतर कॅन्सरपेक्षा यकृताच्या आतल्या या प्रकारात या तपासणीला जास्त महत्त्व आहे. ते का, ते पुढे सांगते. अहवाल यायला दोन-तीन आठवडे तरी जातात, म्हणून आत्ता.

आता मोठा प्रश्न. द्यायची की नाही?

वय ६४ हे केमो नाकारायचं कारण नाही. आम्ही वयापेक्षा हे बघतो की माणूस जागेपणीचा किती वेळ अंथरुणात काढतो, स्वतःचं स्वतः करतो का, मूत्रपिंड कसं आहे, वजन किती उतरलं. जो माणूस दोन तास प्रेसमध्ये जाऊन बसतो, त्याला मी तरी केमो द्यायच्या बाजूनं बोलेन. जो दिवसभर पडून आहे, जेवत नाही, त्याच्या घरच्यांना मी कदाचित उलट सांगितलं असतं. अर्थात मी बाबांना तपासलेलं नाही, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

ही केमो आजार मुळासकट घालवण्यासाठी नाही. तुमच्या डॉक्टरांनी हे सांगितलं असेल किंवा सांगायचं टाळलं असेल, पण तुम्हाला ते माहीत हवं. ती गाठीला रोखण्यासाठी, जमलं तर आकसवण्यासाठी, आणि त्यातून बरे दिवस वाढवण्यासाठी आहे. क्वचित एखाद्याची गाठ इतकी आकसते की सर्जन पुन्हा फाइल उघडतात, पण त्या आशेवर घराचा कारभार उभा करू नये.

दिवस खरंच वाढतात का? दिल्लीच्या एम्सनं पित्ताशयाच्या, म्हणजे याच्या चुलतभावंडातल्या, कॅन्सरवर एक अभ्यास केला. तो २०१० मध्ये छापून आला. ऑपरेशन न होण्याजोगे ८१ रुग्ण होते. नुसती काळजी, वेदनाशमन वगैरे मिळालेल्या गटात जगण्याचा मध्य आकडा साडेचार महिने होता, जेमसिटाबिन आणि ऑक्झालिप्लाटिन मिळालेल्या गटात साडेनऊ. तिसऱ्या गटाला जुनं फाइव्ह एफयू दिलं होतं, त्याचा काही उपयोग दिसला नाही. म्हणजे 'कुठलीही केमो' चालत नाही, नेमकी कोणती हे महत्त्वाचं. त्याच वर्षी ब्रिटनमधला ४१० रुग्णांचा अभ्यास आला. पित्तमार्गाच्या सगळ्या कॅन्सरांचे रुग्ण त्यात होते. एकट्या जेमसिटाबिनवर ८.१ महिने, जेमसिटाबिनबरोबर सिस्प्लाटिन दिल्यावर ११.७. तेव्हापासून जगभर ही जोडगोळी पहिली दिली जाते, आणि बाबांनाही बहुधा तीच लिहून दिली असेल.

मध्य आकडा म्हणजे बाबांचा आकडा नव्हे. निम्मी माणसं त्याच्या अलीकडे असतात, निम्मी पलीकडे, आणि पलीकडची काही खूप लांब असतात. मुलं हा आकडा ऐकतात आणि भिंतीवरच्या कालनिर्णयात खूण करून मोकळी होतात. तसं करू नका.

जोडगोळी दिली कशी जाते ते सांगते, म्हणजे घरात आखणी करता येईल. पहिल्या दिवशी सलाइन, आठव्या दिवशी सलाइन, मग तिसऱ्या आठवड्यात सुट्टी. ही एक सायकल, २१ दिवसांची. अशा आठ सायकली धरल्या तर सहा महिने. डे-केअरमध्ये सकाळी जायचं, दुपारी-संध्याकाळी घरी. जेमसिटाबिन स्वतः अर्ध्या तासात जातं. वेळ जातो तो सिस्प्लाटिनच्या आधी-नंतरच्या सलाइनमध्ये, कारण ते मूत्रपिंडाला त्रास देतं आणि त्याला भरपूर पाण्याची सोबत लागते. त्यामुळे आदल्या दिवसापासून पाणी, ताक, पेज, जे जाईल ते पोटात जाऊ द्या. उलटीची औषधं आता चांगली आहेत. ती 'उलटी झाली तर' घ्यायची नसतात, लिहून दिल्याप्रमाणे आधीच घ्यायची असतात. निम्म्या उलट्या या एका गोष्टीनं टळतात असं माझं अनुभवातलं मत आहे.

केस सहसा सगळे जात नाहीत, विरळ होतात. थकवा येतो, विशेषतः आठव्या दिवसानंतर. प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी उतरतात. 'काउंट कमी आलेत, आज केमो नाही' हे वाक्य तुम्ही एकदा तरी ऐकाल. त्यानं घाबरू नका, एखादा आठवडा पुढे ढकलण्यानं बिघडत नाही. जेमसिटाबिन दिल्याच्या संध्याकाळी बारीक ताप, अंगदुखी येऊ शकते. सिस्प्लाटिननं कानात गुणगुण सुरू झाली, बोटांना मुंग्या आल्या तर पुढच्या वेळी डॉक्टरांना सांगायचं. 'एवढ्यातेवढ्यासाठी काय सांगायचं' ही आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांची खोड. सिस्प्लाटिन झेपत नसेल, मूत्रपिंडाचा आकडा, क्रिएटिनिन, चढत असेल, तर त्याच्या जागी ऑक्झालिप्लाटिन किंवा कार्बोप्लाटिन देता येतं. आणखी एक, एकच पाय सुजला, पोटरी दुखायला लागली तर तेल लावून चोळत बसू नका. या कॅन्सरमध्ये रक्ताच्या गुठळ्या होण्याची प्रवृत्ती असते, पायाच्या शिरांची सोनोग्राफी, म्हणजे डॉप्लर, करून घ्यावी लागते.

यातना म्हणता तर अशा आहेत. काहींना झेपतात, काहींना नाही. कोणाला झेपतील हे पहिल्या दिवशी कोणीच सांगू शकत नाही, मीही नाही. म्हणून तुमचा प्रश्न मला थोडा बदलायचा आहे. द्यावी का, यापेक्षा कुठे थांबून बघायचं ते आधी ठरवा.

केमो ही विनाथांबा गाडी नव्हे. तिला थांबे असतात, आणि मधल्या थांब्यावर उतरता येतं. घरच्यांना मात्र कायम वाटतं की एकदा सुरू केली की 'कोर्स पूर्ण' करायलाच हवा, अँटिबायोटिकसारखा, नाहीतर केलेलं वाया जाईल. या आजारात तसं नसतं. तीन किंवा चार सायकली झाल्या की सीटी स्कॅन होतो. तो पहिला थांबा. सुरू करण्याआधीच डॉक्टरांसमोर बसून, बाबांसह, ठरवून घ्या की त्या दिवशी आपण काय बघणार.

स्कॅनवर गाठ आकसली किंवा तेवढीच राहिली, तर केमो आपलं काम करते आहे. 'तेवढीच आहे' हे ऐकून घरचे हिरमुसतात. हिरमुसू नका, या आजारात तेवढीच राहणं ही बातमी चांगली असते. सीए १९-९ नावाची रक्ततपासणी सोबतीला बघतात, पण तिच्यावर एकटीवर विसंबू नये. पित्त अडलं की कॅन्सर न वाढताही ती चढते, आणि काही माणसांच्या शरीरात तो पदार्थ मुळात तयारच होत नाही. बाबांचा कावीळ असतानाचा आकडा तर तुलनेला धरूच नका. कावीळ उतरल्यावर पुन्हा करा आणि तो पहिला धरा.

आणि या सगळ्याइतकंच वजन बाबांच्या सांगण्याला. प्रेसमध्ये जाणं होतंय का? वजन? झोप? सुट्टीच्या आठवड्यात माणूस परत माणसात येतो का, की तिन्ही आठवडे सारखेच जातात? स्कॅन बरा आणि बाबाही बरे, तर पुढचा टप्पा. स्कॅन बरा पण बाबा मोडलेले, तर मात्रा कमी करा, एक औषध काढा, मधे जास्त दिवस सोडा. स्कॅन वाईट, तर ती केमो तिथेच थांबवा. 'अजून दोन देऊन बघू' म्हणणाऱ्याला, मग तो डॉक्टर असो की दादा, विचारा की कशाच्या आधारावर.

आता दादाचे लेख. दादावर चिडू नका. लांब असलेल्या मुलाला हातानं काही करता येत नाही, मग तो लेख पाठवतो. आणि त्यानं पाठवलेलं चूक नाही, फक्त अर्धं आहे.

इम्युनोथेरपीचं औषध केमोच्या ऐवजी नसतं, केमोच्या सोबत असतं. ड्युर्व्हालुमॅब नावाचं एक. त्याचा ६८५ रुग्णांचा अभ्यास झाला आणि २०२२ पासून अमेरिकेत ते या जोडगोळीबरोबर द्यायला मान्यता मिळाली. पुढच्या वर्षी पेंब्रोलिझुमॅबलाही मिळाली. फायदा किती? मध्य आकडा बघितला तर जेमतेम महिना-दीड महिना वाढतो, आणि वाटतं की एवढ्यासाठी घर विकायचं? पण शेपटाकडे बघितलं तर चित्र वेगळं दिसतं. पहिल्या निष्कर्षांत दोन वर्षांनी हयात असलेले १०० मध्ये साधारण २५ होते, नुसत्या केमोवर १०. तीन वर्षांनी १५ आणि ७. म्हणजे बहुतेकांना थोडाच फायदा, काहींना बराच, आणि हे 'काही' कोण ते आधी ओळखायची खात्रीशीर खूण अजून हाती नाही. अपवाद एक, गाठीच्या तपासणीत 'एमएसआय हाय' आलं तर, म्हणजे गाठीच्या पेशींना जनुकांतल्या चुका दुरुस्त करता येत नाहीत असं निघालं तर. ते क्वचित येतं, पण आलं तर इम्युनोथेरपी हे पहिल्या रांगेतलं औषध होतं. त्रासाचं म्हणाल तर ती केमोसारखी उलट्या आणत नाही, पण शरीराची संरक्षण व्यवस्था स्वतःवरच उलटू शकते. थायरॉइड बिघडतं, जुलाब लागतात, फुप्फुसाला सूज येते, यकृतालाही.

आणि खर्च. जेमसिटाबिन आणि सिस्प्लाटिन दोन्ही जुनी, जेनेरिक मिळतात, त्यांचा खर्च मध्यम घराला पेलतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत रुग्णालय असेल तर तिथल्या आरोग्यमित्राला भेटा. योजनेत काय बसतं आणि कुठली कागदपत्रं लागतात ते तो नेमकं सांगतो. इम्युनोथेरपी मात्र फार महाग आहे. जुलै २०२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ड्युर्व्हालुमॅबवरचा आयातकर काढला, तरीही. कंपन्या काही डोसनंतर पुढचे मोफत देण्याच्या योजना चालवतात. त्याची चौकशी डॉक्टरांकडेच करा, एजंटांकडे नाही. माझं स्पष्ट मत असं: विम्यात किंवा दादाच्या पगारात सहज बसत असेल तर घ्या. प्रेस गहाण टाकून, आईचे दागिने मोडून घ्यायचं नाही. आणि ती न घेतल्याची अपराधी भावना तर अजिबात घ्यायची नाही. नुसती जोडगोळी हा आजही खरा उपचार आहे, गरिबांसाठीची तडजोड नव्हे.

पंप. तो खरा आहे. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये पोटाच्या कातडीखाली एक पंप बसवतात, त्याची नळी यकृताच्या धमनीत जाते आणि फ्लॉक्सयुरिडिन नावाचं औषध थेट यकृतात झिरपत राहतं. यामागची युक्ती छान आहे: यकृतातल्या गाठी आपलं रक्त मुख्यतः धमनीतून घेतात आणि निरोगी यकृत मुख्यतः आतड्याकडून येणाऱ्या शिरेतून, त्यामुळे औषध गाठीला जास्त मिळतं. २०२० मध्ये त्यांनी ३८ रुग्णांचे निष्कर्ष छापले, मध्य आकडा २५ महिने. दादाला भुरळ पडली ती याचीच. पण ते निवडलेले रुग्ण होते, तुलनेला दुसरा गट नव्हता, पंप बसवायलाच मोठं ऑपरेशन लागतं, आणि त्या औषधानं पित्तनलिका आकसू शकतात. बाबांच्या पित्तनलिकेत आधीच स्टेंट आहे. ग्रंथी कुठल्या आणि कुठपर्यंत वाढल्यात, यावरही ते अवलंबून. मी असते तर या मागे धावले नसते.

त्याच जातीचा एक पर्याय मात्र आपल्याकडे आहे. मांडीतून किंवा मनगटातून धमनीत नळी नेऊन यिट्रियम-९० हे किरणोत्सारी द्रव्य असलेले सूक्ष्म मणी गाठीत सोडतात. असे देशी मणी भाभा अणुसंशोधन केंद्रानंही बनवले आहेत. फ्रान्समधल्या एका छोट्या अभ्यासात केमोबरोबर हे दिलेल्या ४१ पैकी ९ जणांची गाठ ऑपरेशन करण्याइतकी आटोक्यात आली. आजार फक्त यकृतात असेल तेव्हाच याचा विचार होतो. बाबांच्या दोन्ही बाजूंना गाठी आणि वर ग्रंथी, त्यामुळे आज नाही. पण पहिल्या थांब्यावर, स्कॅन चांगला आला तर, एकदा यकृताच्या सर्जनला आणि इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टला तो स्कॅन दाखवायला हरकत नाही. मुंबई-पुण्याच्या मोठ्या केंद्रांत हे होतं. मुंबईला राहायची वेळ आलीच तर दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा कॅन्सरच्या रुग्णांनाच सांभाळते, हेही सांगून ठेवते.

ब्लॉकचं सांगायचं राहिलं होतं. यकृताच्या आतल्या पित्तनलिकेच्या कॅन्सरमध्ये १०० पैकी १० ते १५ जणांत एफजीएफआर-२ नावाच्या जनुकाची विशिष्ट जुळणी सापडते, तितक्याच किंवा थोड्या अधिक जणांत आयडीएच-१ मध्ये बदल. पहिल्यासाठी पेमिगॅटिनिब आणि फ्युटिबॅटिनिब, दुसऱ्यासाठी आयव्होसिडेनिब अशा गोळ्या निघाल्या आहेत. हर-२, बीआरएएफ असे आणखी काही बदल क्वचित निघतात आणि त्यांच्यावरही औषधं आहेत. या गोळ्या सहसा पहिली केमो थांबल्यावर दुसरी पायरी म्हणून येतात. मग आत्ताच तपासणी कशाला? कारण पहिली केमो थांबते तेव्हा घराकडे महिनाभर वाट बघायला वेळ नसतो. अहवाल आधीच फाइलमध्ये असेल तर त्या दिवशी बोलणं पुढे सरकतं. काहीच नाही सापडलं, आणि बहुतेकांत हाताला लागेल असं काही सापडत नाही, तर दुसरी पायरी म्हणजे फॉलफॉक्स नावाची केमो. तिचा फायदा लहान आहे: ब्रिटनच्या १६२ रुग्णांच्या अभ्यासात वर्षानंतर हयात असलेले १०० मध्ये २६, ती न घेतलेल्यांत ११. तेव्हा बाबांची तब्येत कशी आहे त्यावर तो निर्णय. गोळ्यांची किंमत आणि त्या इथे कशा मिळतील हे मात्र तपासणी करण्याआधीच विचारा. जे औषध कुठल्याही मार्गानं परवडणार नाही, त्याच्यासाठी महागडी तपासणी करायची का, हा प्रश्न विचारण्यात लाज नाही.

काकांचा काढा बंद. त्यात गुळवेल असेलच, कोविडनंतर प्रत्येक काढ्यात असते. मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी २०२० च्या अखेरीस गुळवेल घेऊन यकृताला इजा झालेले रुग्ण पाहिले आणि ते छापून प्रसिद्ध केलं. निरोगी माणसाचं जाऊ द्या, इथे आपण बिलिरुबिन एकेक पॉइंटनं उतरवतोय. काकांना वाईट वाटेल म्हणून बाबांनी गुपचूप घ्यायला नको. त्यांना दुसरं काम द्या. दर आठव्या दिवशी डे-केअरला सोबत कोण जाणार, हा खरा प्रश्न आहे, आणि काका रिकामे दिसतात. दुखलं-खुपलं की मेडिकलमधून आणलेल्या वेदनाशामक गोळ्याही नकोत, सिस्प्लाटिनबरोबर त्या मूत्रपिंडावर बसतात.

छपाईबद्दल तुम्ही वाचलंत ते खरं आहे. जपानमध्ये ओसाकाच्या एका छपाई कंपनीत डझनाहून अधिक कामगारांना, बरेचसे ऐन तरुण वयातले, हाच कॅन्सर झाल्याचं २०१२ च्या सुमारास उघड झालं. तळघरासारखी कोंदट जागा, आणि यंत्राचे रोलर पुसायला वापरलेलं १,२-डायक्लोरोप्रोपेन हे द्रावण. २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं ते कॅन्सरकारक ठरवलं. बाबांच्या प्रेसमध्ये पुसायला काय वापरतात ते मला माहीत नाही, आणि यकृतात जुने खडे, कावीळ ब आणि क, सिरॉसिस अशी दुसरी कारणंही असतात. पुष्कळांत कारण सापडतच नाही. बाबांचा उपचार यानं बदलत नाही. पण प्रेसमध्ये आज जी मुलं काम करतात त्यांच्यासाठी डब्यावरचं लेबल जरूर वाचा आणि खिडकीत मोठा एक्झॉस्ट पंखा बसवा.

आता 'यकृताला सूज'. ज्या माणसानं उभं आयुष्य प्रुफं वाचण्यात घालवलं, त्याच्यापासून तुम्ही फाइल लपवताय? ते वाचणार. डे-केअरच्या दारावर 'कर्करोग विभाग' लिहिलेलं वाचतील, शेजारच्या खुर्चीवरचा माणूस 'तुमचं कुठलं?' म्हणून विचारेल. मला तर वाटतं त्यांनी वाचलेलं आहे, आणि तुम्हाला जपायला ते गप्प आहेत. शिवाय केमोच्या संमतिपत्रावर सही त्यांची लागते, आणि थांब्याचं जे मी वर सांगितलं ते त्यांच्याशिवाय ठरवता येत नाही.

एकदम सगळं ओतायचं नाही. दोघंच असताना विचारा, "बाबा, रिपोर्टमध्ये काय आलंय ते तुम्हाला किती सविस्तर ऐकायचंय? की डॉक्टरांशी आम्ही बोलू?" काही माणसं खरंच म्हणतात, तुम्ही बघा. तो त्यांचा हक्क. पण बहुतेक म्हणतात, सांग. मग शब्द वापरा: कॅन्सर आहे, ऑपरेशन करता येत नाही, औषध आहे, ते किती लागू पडतंय ते दोन-तीन महिन्यांनी कळेल. महिन्यांचे आकडे त्यांनी विचारल्याशिवाय सांगू नका. विचारले तर डॉक्टरांसमोर. मग गप्प बसा. ते प्रेसचं बोलतील, देण्याघेण्याचं बोलतील, कदाचित चहा मागतील.

पॅलिएटिव्ह केअरच्या डॉक्टरांची भेटही केमो सुरू होतानाच घ्या. लोक तिचा अर्थ 'शेवट' असा लावतात. फुप्फुसाच्या कॅन्सरवरच्या २०१० च्या एका अमेरिकी अभ्यासात ज्यांना ही काळजी सुरुवातीपासून मिळाली ते जास्त बरे जगले, आणि जास्त दिवसही जगले. वेदना, खाज, भूक, झोप, घरच्यांची भांडणं, हे सगळं त्यांचं काम. टाटा मेमोरियलमध्ये त्यासाठी स्वतंत्र विभाग आहे, पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून आहे आणि तिथे पैसे घेत नाहीत. मिरजेत जवळ कोण आहे ते तुमच्या डॉक्टरांना विचारा.

शेवटचं, फ्रिजवर लावून ठेवायचं. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा वर, कापरं भरून थंडी, डोळे पुन्हा पिवळे, लघवी गडद: यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही, पॅरासिटामॉल देऊन ताप झाकायचा नाही, त्याच रात्री रुग्णालयात जायचं आणि दारातच सांगायचं, 'केमो चालू आहे, पोटात स्टेंट आहे.' रात्री कुणाला फोन करायचा तो नंबर पहिल्या केमोच्या आधी मागून घ्या. थर्मामीटर डिजिटल आणा. घरातला जुना पाऱ्याचा असेल तर तो रात्री दोनला, झोपेतल्या डोळ्यांनी, वाचता येत नाही.